विहिरीजवळची माती

शेवाळे सरांची आणि माझी ओळख एका काचेच्या भांड्यावरून झाली. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी बागाईतदारांच्या एका सहकारी संघाच्या माती-तपासणी प्रयोगशाळेत सहायक म्हणून रुजू झाले. प्रयोगशाळा हे नाव भारदस्त; प्रत्यक्षात पंचवटीच्या मागच्या अंगाला, खताच्या गोदामाला चिकटून असलेल्या दोन खोल्या. आत गेले तर प्रमुख स्वतः प्रयोगाच्या चंचुपात्रात चहा उकळत होते. मी नवी होते, पण जिभेला हाड नव्हतं. विचारलं, "सर, यात काल काय उकळलं होतं?" सरांनी थोडा वेळ आठवून पाहिलं, मग सगळा चहा मोरीत ओतला. "आठवत नाही. प्रश्न बरोबर आहे दातारबाई, असंच विचारत जा," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घरून एक पोचे आलेली किटली घेऊन आले. वरिष्ठाला पहिल्याच दिवशी चहा ओतायला लावून नोकरी टिकलेली मी बहुधा एकटीच असेन.

सरांच्या एकसष्टीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला मुद्दे दिले आहेत: सरांचं कार्य, सरांची मूल्यं, सरांचा स्नेह. गौरवग्रंथात माणूस इतका चांगला होऊन बसतो की घरच्यांनाही तो ओळखू येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी एकाच जमिनीची हकीगत सांगणार आहे. तिन्ही मुद्दे तिच्यात येतात. हकीगत आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सर मूळचे सटाण्याकडचे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि पुढे कृषी रसायनाची पदवी. नाशिकच्या भोवती तेव्हा जिकडे पाहावं तिकडे द्राक्षबागा, पेरूच्या बागा आणि भाजीचे मळे होते. शेतकरी पिशवीतून माती आणत. आम्ही नत्र, स्फुरद, पालाश तपासून कोणतं खत किती घालायचं ते सांगत असू. नमुना कसा घ्यायचा, हे सर गावोगाव फिरून शिकवत. शेतात नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी खुरप्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, सगळी माती घमेल्यात एकत्र कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि पिशवीभर माती उरेपर्यंत हे करत राहायचं. शेवटी सर बोट वर करून बजावत: विहिरीजवळची, बांधावरची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. तिथली माती वेगळी असते. ती मिसळली की साऱ्या शेताचा अंदाज चुकतो. सभेतले म्हातारे मान डोलावत, कारण त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

पुढे शहर वाढू लागलं. मळ्यांच्या बांधांवर चुन्याच्या रेघा दिसायला लागल्या आणि जमिनी बिनशेती होऊ लागल्या. मखमलाबादच्या वाटेवरची एक जुनी द्राक्षबाग एका गृहनिर्माण सोसायटीने घेण्याचं ठरवलं. सभासद सगळे नोकरदार: नाशिक रोडचे कामगार, शाळामास्तर, एस.टी.तले कारकून. स्वतः शेवाळे सरही सभासद होते. सर आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेले. त्यांच्या पत्नी कुसुमवहिनींनी तर वहीच्या कागदावर स्वयंपाकघर आखून ठेवलं होतं. ओटा पूर्वेच्या खिडकीखाली. जमीन घेण्याआधी कोणीतरी म्हणालं, आपल्यात मातीतले जाणकार आहेतच, तर तपासून घेऊ. बाग काढून टाकली आहे, पण पुढे अंगणात झाडं लावायची आहेत, विहिरीचं पाणी वापरायचं आहे.

सर आणि मी गेलो. नियमाप्रमाणे नागमोडी चाललो, नियमाप्रमाणे माती कालवली आणि नियमाप्रमाणे विहिरीकडचा कोपरा सोडून दिला. माती काळी, भुसभुशीत, अगदी देखणी निघाली. त्या जुन्या बागेत काय काय फवारलं असेल याचा विचार करून सरांनी मोरचुदाचं तांबंही तपासलं. ते जरा जास्त होतं, भीती वाटावी इतकं नव्हतं. 'जमीन उत्तम, वस्तीस योग्य,' असा अहवाल सरांच्या सहीने गेला आणि सोसायटीने जमीन घेतली.

राखणीसाठी सोसायटीने पुंजा नावाचा निफाडकडचा एक मजूर बायकोसह ठेवला. राहायला विहिरीकाठची इंजिनाची जुनी खोली दिली. नवराबायको कष्टाळू. विहिरीभोवतीच्या ओलाव्यात त्यांनी मेथी, वांगी, मिरच्या लावल्या. सोसायटीच्या माणसांना जाताना हातात भाजी मिळे, त्यामुळे सगळेच खूश होते.

प्लॉटांच्या चिठ्ठ्या निघायच्या आधी, पावसाळा सरल्यावर, सर आणि वहिनी जागा बघायला गेले. मीही होते. पुंजाची बायको हौसाबाई तेव्हा दिवसांतली होती. तिने चहा पुढे केला आणि सर तिच्या तळहाताकडे बघतच राहिले. तळवे जाड झाले होते, आणि ते खुरप्याने पडलेल्या घट्ट्यांसारखे नव्हते. साऱ्या तळव्यावर खरखरीत पुळ्या आल्या होत्या. गळ्यावर काळे-पांढरे ठिपके होते. सरांनी विचारलं, "हे कधीपासून?"

"हितं आल्यापासून, साहेब. पानी बाधलं म्हनत्यात. मुंग्या बी येत्यात पायाला."

वहिनींनी बायकांच्या रीतीने विचारलं, डोहाळे कसले लागले? हौसाबाई लाजली. "मातीचे. हौदाकडची माती वाईच भाजून खाते. लय गोड वास येतो तिला." डोहाळ्यांत माती खाणाऱ्या बायका आपल्याकडे काही कमी नाहीत, चुलीची, भिंतीची, वारुळाची. माझ्या मावशीनेही खाल्ली होती. कोणी हसलं असतं अशी ती गोष्ट. सर हसले नाहीत. हौद कुठला, असं विचारून ते विहिरीपलीकडे गेले. तिथे एक सिमेंटचा लांबट, फुटका हौद होता आणि त्याच्याभोवतीच्या जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. पहिल्या वेळी आम्ही ते पाहिलं नव्हतं असं नाही. जनावरांच्या येण्याजाण्याने जमीन घट्ट झाली असेल, असं धरून आम्ही तिकडे गेलोच नव्हतो.

जमिनीच्या मूळ मालकांचा मुलगा जवळच राहत होता. सरांनी त्याला हौदाबद्दल विचारलं. त्याने सहज सांगितलं, "मांडवाचे वासे बुडवायचो ना त्यात. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेली बाग काढून मांडव केला तवा वाळवी लय होती. वासे सोमलाच्या पाण्यात भिजवून लावायचे, मंग वर्सानुवर्सं काय व्हत नाय. पाणी खराब झालं का तिथंच वतून द्यायचं." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्या काळी बऱ्याच बागांत हेच चाले.

सोमल म्हणजे आर्सेनिक. जुन्या काळी सुनेला सासू द्यायची म्हणतात ते. ते कुजत नाही, उन्हाने उडत नाही, पावसाने फार दूर जात नाही. जिथे ओतलं तिथेच बसतं, आणि थोडं थोडं विहिरीत उतरतं.

सरांनी त्याच दिवशी पुंजा आणि हौसाबाईला तिथून हलवून आपल्या घराच्या ओसरीत आणून ठेवलं. विहिरीवर फळी ठोकली. प्रयोगशाळेत सोमल ओळखायची जुनी रीत होती: माती आम्लात उकळायची, त्यात जस्ताचे तुकडे टाकायचे आणि बाटलीच्या तोंडावर पाऱ्याच्या क्षाराचा कागद बसवायचा. सोमल असला की कागद पिवळा होतो, जास्त असला की तपकिरी. हौदाजवळच्या मातीचा कागद बघता बघता गडद तपकिरी झाला. विहिरीच्या पाण्याचा पिवळा. सर कागद हातात धरून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "दातारबाई, आपण वाईट जागा सोडून चांगल्या जागेचा अहवाल दिला. शेतासाठी ते बरोबर होतं. घरासाठी उलट करायला हवं होतं. घरात माणूस सरासरीवर राहत नाही, एका कोपऱ्यात राहतो."

मी या क्षेत्रात इतकी वर्षं काढली, पण यापेक्षा शहाणं वाक्य ऐकलेलं नाही. ते उशिरा सुचलं, एवढाच त्यात दोष.

हौसाबाईचं मूल पोटातच गेलं. मातीने, पाण्याने की आणखी कशाने, हे दवाखान्यात कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही. त्यांना सोमलाचा संशय सांगितला तेव्हा एक डॉक्टर सरांना म्हणाले, तुम्ही मातीचे डॉक्टर, माणसांत पडू नका. हौसाबाई पुढचा उन्हाळाही काढू शकली नाही. पुंजा एक दिवस प्रयोगशाळेत आला, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "गेली ती." सर उठून त्याच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "पुंजा, ती जागा चांगली आहे असं मी लिहून दिलं होतं. चूक माझी आहे." पुंजाला ते कळलंच नाही. "तुमी कुठं काय केलं साहेब," तो म्हणाला. "माती व्हती." तो गेल्यावर सरांनी शेंगांना हात लावला नाही, मला टाकूही दिल्या नाहीत. कितीतरी दिवस ती पिशवी तशीच टेबलावर होती.

पण मी जरा पुढे गेले. हौसाबाई दवाखान्यात असतानाच, तो कागद पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोसायटीच्या चिठ्ठ्या होत्या; सर दवाखान्यातून सभेला पोचेपर्यंत त्या निघूनही गेल्या होत्या. विहीर असलेला कोपऱ्याचा प्लॉट सगळ्यांत भाग्याचा समजला जात होता: दोन बाजूंना रस्ता, घरचं पाणी. तो निघाला पगारे गुरुजींच्या नावावर. गुरुजी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. बौद्ध कुटुंब, दोन लहान मुली. त्यांच्या घराण्यात आजवर कोणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले. त्या पेढ्यांच्या खोक्यासमोर सर उभे राहिले आणि म्हणाले की आपला अहवाल आपण मागे घेत आहोत.

सर चिडले किंवा फार हलले की त्यांची अहिराणी वर येते. त्या सभेत त्यांनी पहिलं वाक्य तसंच उच्चारलं, "मनी चूक शे." मग सावरून मराठीत सगळं सांगितलं: चूक माझी आहे, विहीर बुजवावी लागेल, कोपऱ्यावर घर बांधता येणार नाही, इतर प्रत्येक प्लॉटची माती आपण वेगवेगळी, एकेक करून, न कालवता तपासू. सभेत गोंधळ उडाला. कोणी म्हणालं, तुमच्या सहीवर आम्ही जमीन घेतली. कोणी म्हणालं, गप्प बसा, सोसायटीचं नाव खराब होईल. सगळ्यांत शेवटी पगारे गुरुजी उठले. आवाज चढवला नाही. "सर, साऱ्या जमिनीत आम्हांला मिळाली तेवढीच विषारी निघते का? का विहीर कोणाला हवी झाली आहे?"

 पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या प्रश्नामागे होता आणि त्यांना खोटं म्हणायचा अधिकार आमच्यापैकी कोणाला होता? मला वाटलं, सर दुखावले जातील. सर म्हणाले, "गुरुजी, तुमचा संशय रास्त आहे. उद्या प्रयोगशाळेत या. माती तुम्ही स्वतः खणून आणा, तुमच्या प्लॉटची आणि माझ्याही. माझा प्लॉट चांगला निघाला तर तो तुमचा. कोपरा माझ्या नावावर करा."

वहिनी सभेत बसल्या होत्या. त्यांना विचारलेलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि खाली बघत राहिल्या.

गुरुजी आले. दोन पिशव्या स्वतः आणल्या, कोणती कुठली ते आम्हांला सांगितलं नाही. सरांनी सगळं त्यांच्याच हातून करवून घेतलं. आम्ही फक्त आम्लाची बाटली धरली. एक कागद जवळजवळ कोरा राहिला, दुसरा गुरुजींच्या डोळ्यांदेखत तपकिरी होत गेला. गुरुजींनी तो बोटांत धरला. त्यांच्या मुली त्या विहिरीकाठी ठिक्कर खेळल्या असत्या, हे ते मनात बघत असावेत. मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय करणार त्या जागेचं?"

"काही नाही," सर म्हणाले. "तिथं कोणी काही करू नये, एवढंच बघायचं."

अदलाबदल झाली. विहीर दगडांनी बुजवली. इतर प्लॉटांची माती आम्ही एकेक करून तपासली, ती बरी निघाली, घरं उभी राहिली. पगारे गुरुजींच्या गृहप्रवेशाला वहिनी गेल्या. वंदना झाल्यावर गुरुजींच्या पत्नीने त्यांना हाताला धरून स्वयंपाकघर दाखवलं. ओटा पूर्वेच्या खिडकीखाली होता. वहिनी म्हणाल्या, "छान उजेड येतो हो," आणि घरी येऊन दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, आणि त्या विषयावर पुन्हा कधीच नाही. या ग्रंथात सरांच्या त्यागाबद्दल बरेच जण लिहितील. त्यातला अर्धा वाटा कोणाचा, हे मी इथे नोंदवून ठेवते.

संघाला हे प्रकरण रुचलं नाही. बागांच्या मातीत सोमल असतो अशी ओरड झाली तर शेतकऱ्यांच्या जमिनींचं काय, असा त्यांचा प्रश्न. तो अगदीच खोटा नव्हता. पण उत्तर म्हणून त्यांनी सरांना प्रयोगशाळेतून काढून शेजारच्या खताच्या गोदामात बसवलं. निवृत्त होईपर्यंत सर तिथे पोती मोजत होते. दुपारच्या सुट्टीत मात्र कोणी ना कोणी भिंतीच्या त्या बाजूला सरांकडे येई: कोणी मळा विकायला काढलेला, कोणी घर बांधायला निघालेला. सर फी घेत नसत. सायकलीवर जात आणि मातीला हात लावण्याआधी म्हाताऱ्यांना विचारत: फवारणीचं पाणी कुठे कालवत होता? उरलेलं कुठे ओतत होता? गवत कुठे उगवत नाही? ते सांगतील तिथे आधी जात. विहिरीजवळ, हौदाजवळ, उकिरड्याजवळ; ज्या जागा सोडायला त्यांनी उभ्या जिल्ह्याला शिकवलं होतं, नेमक्या त्याच. मी त्यांच्याकडून शिकले ते हे. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच शिकवते आणि कोणाकडून शिकले तेही सांगते.

आता त्या कोपऱ्याबद्दल. सोसायटीतले जुने सभासद बरेचसे विकून गेले. नव्यांना हकीगत माहीत नाही आणि सांगितली तर पटत नाही. भर वस्तीत बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेली ती ओसाड जागा त्यांच्या डोळ्यांत सलते. साप निघतात म्हणून नगरपालिकेत अर्ज गेले. सरांनीही अर्ज केले, अशा जमिनीसाठी काही नियम करा म्हणून. उत्तर आलं, असा विषय नियमांत बसत नाही. सरांनी पाटी लावली, ती कोणीतरी काढून नेली. मुलांचा चेंडू आत गेला की सर तो स्वतः काढून, धुऊन देतात आणि वर रागावतात. मुलांनी त्यांचं नाव 'काटेवाले आजोबा' ठेवलं आहे, तेही त्यांच्या माघारी. बांधकाम करणारे लोक मोठाल्या रकमा घेऊन भाड्याच्या घराच्या दारात येतात, चहा पितात आणि जातात.

या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी गेले तेव्हा सर तिथेच होते. कुंपणाच्या आत आपोआप उगवलेलं शेवग्याचं रोप ते उपटत होते. उद्या कोणी शेंगा तोडून नेल्या तर, एवढंच म्हणाले. मी गेली काही वर्षं मनात असलेला प्रश्न विचारून टाकला: सर, तुमच्या मागे याचं काय? त्यांचा मुलगा पुण्याला असतो, सरळ मुलगा आहे, पण त्यालाही घर हवं आहे. सरांनी हात झटकले. "त्याला सांगून ठेवलं आहे. पण सांगितलेलं किती दिवस टिकतं, दातारबाई? म्हणून तर सकाळी फिरायला जातो. तेलकट सोडलं, तंबाखू सोडली." आणि ते हसले. मला हसू आलं नाही.

एकसष्टीच्या लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची आपली रीत आहे. समोरचा मान लववतो, आपण टाळ्या वाजवतो, घरी जातो. मला तसं म्हणता येत नाही. सोमल म्हातारा होत नाही. तो त्या कोपऱ्यात आहे तसाच आहे, आणि त्याच्या आणि तिथे उद्या रांगणाऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या मधे आज कायदा नाही, पाटी नाही, फक्त एक माणूस उभा आहे. त्या माणसाला आज साठ वर्षं पूर्ण झाली. सर, तुम्ही जगायला हवं.